विचित्र इमारतींच्या शोधात: वाशी, बेलापूर आणि शेवटी ठाणे

माझी भाची सांगलीला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरात तिला सगळे मनू म्हणतात. यंदा तिच्या सरांनी वर्गाला काम लावलं: जगातल्या विचित्र इमारतींचा अभ्यास करा, आणि मग स्वतःच्या पायांनी जाऊन पाहता येईल अशी एक शोधून तिचा अहवाल लिहा. पहिला भाग तिने लॅपटॉपवर उरकला होता. रॉटरडॅमची तिरकी घनाकृती घरं, अमेरिकेत ओहायोमध्ये एका टोपल्या विकणाऱ्या कंपनीने बांधलेली टोपलीच्याच आकाराची सात मजली कचेरी, हैदराबादची माशाच्या आकाराची सरकारी इमारत. दुसऱ्या भागासाठी तिला मामा आठवला. "मामा, तुमच्या नवी मुंबईत काही विचित्र आहे का रे?" मी म्हटलं, ये तर खरी.

सव्वीस जानेवारीला जोडून ती आली. बुधवारी रात्री आमच्या नेरूळच्या एलपी पुलाखाली बसमधून उतरली ती एक सॅक, एक ट्रायपॉड आणि कमरेला लावलेला मोजपट्टीचा टेप घेऊन.

गुरुवार: वाशी, सानपाडा, नेरूळ, सीवूड्स

माघी गणपतीचा दिवस. मामीने सकाळीच तिळाचे मोदक हातावर ठेवले, ते खाऊन निघालो.

सुरुवात स्टेशनांपासून करायची हा हट्ट माझा. मुंबईत स्टेशन म्हणजे पत्र्याखालचे फलाट आणि त्यांच्यावरून टाकलेला पूल. खाडी ओलांडून वाशीला उतरलं की वेगळंच प्रकरण सुरू होतं. एवढं मोठं छत, एवढी मोकळी जागा आणि डोक्यावर चक्क मजल्यांवर मजले कचेऱ्या. १९९२ च्या मे महिन्यात मानखुर्दहून वाशीला पहिली लोकल आली. या मार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोने, म्हणजे नवी मुंबई उभारणाऱ्या सरकारी महामंडळाने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. पैसा ज्याचा जास्त, त्याच्या मनासारखं स्टेशन. सिडकोला नुसता थांबा नको होता, शहराचा मध्य हवा होता. म्हणून वाशी-बेलापूरला स्टेशनावरच कचेऱ्या चढल्या. वाशीच्या स्टेशनाचे आर्किटेक्ट हाफिज कॉन्ट्रॅक्टर. हे नाव रविवारी पुन्हा भेटणार होतं.

मनूचं लक्ष मात्र छताकडे नव्हतं, भुयारी मार्गाकडे होतं. या मार्गावरच्या बहुतेक स्टेशनांत फलाटांच्या खालून रस्ता जातो आणि निम्मे लोक गाडी पकडायला आलेलेच नसतात. ते पूर्वेकडून पश्चिमेला चाललेले असतात. हातात भाजीची पिशवी, खांद्यावर शाळेचं दप्तर, एक बाई तर कुंडीतलं मोगऱ्याचं रोप घेऊन. "मामा, हे स्टेशन नाही, ही गल्ली आहे. तिच्यावरून गाड्या जातात इतकंच," मनू म्हणाली. इतकी वर्षं मी त्याच गल्लीतून कंपनीत गेलो, पण असं कधी सुचलं नाही.

कोणी जाणार असेल तर: मोबाइलवर दोन फोटो काढले तर कोणी काही म्हणत नाही. ट्रायपॉड उघडला की शिट्टी वाजलीच समजा. आमची सानपाड्याला वाजली. त्यासाठी रेल्वेची रीतसर परवानगी लागते. आणि ही स्टेशनं बघायला दुपारी अकरा ते चार हीच वेळ, एरवी गर्दी तुम्हालाच बघत बसते.

नेरूळला घरी जेवून डी. वाय. पाटील स्टेडियमला बाहेरून फेरी मारली. त्याचं छप्पर मागच्या बाजूने धरलेलं आहे, त्यामुळे प्रेक्षकांमध्ये एकही खांब उभा नाही. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारताच्या मुलींनी इथेच वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा आमच्या घरात टीव्हीवर विकेट दिसायच्या आधी खिडकीतून आरडाओरडा ऐकू येत होता. मनूने वहीत छपराची रेघ काढली आणि खाली लिहिलं, "सुंदर, पण विचित्र नाही."

सीवूड्सला खाली लोकल आणि वर मॉल. मामीला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिचं म्हणणं, स्टेशनाबाहेर बाजार नाही असं गाव दाखवा, इथे तो छपरावर नेला एवढंच. संध्याकाळी पाणथळीकडे फ्लेमिंगो पाहिले. भरतीची वेळ बघून जा. ओहोटीला ते खाडीतल्या चिखलावर पांगतात, भरतीला पाणथळीत येऊन बसतात.

शुक्रवार: आर्टिस्ट व्हिलेज

बेलापूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला "आर्टिस्ट व्हिलेज" एवढंच सांगायचं. सेक्टर ८, पारसिकच्या टेकडीचा पायथा. त्या सकाळी टेकडी दिसत नव्हती. धुकं म्हणावं तर त्याला धुराचा वास. नवी मुंबईतली थंडी अशीच असते, नऊ वाजेपर्यंत स्वेटर आणि दहाला घाम.

मामी सोबत होती, कारण तिच्या भिशीतल्या एका मैत्रिणीकडे त्या दिवशी हळदीकुंकू होतं. आमच्यासाठी ही मैत्रीण म्हणजे लॉटरीच ठरली. नाहीतर परक्यांच्या अंगणात टेप घेऊन कोण फिरू देतं?

उतरल्यावर मनूचा चेहरा पडला. "मामा, फोटोत हे असं नाहीये." तिच्याकडच्या जुन्या फोटोंत चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंती, उतरती कौलं, लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या, कोकणातली वाडी उचलून आणून ठेवल्यासारखं दृश्य. समोर उभी होती ती तीन मजली घरं, ग्रॅनाइट लावलेले दर्शनी भाग, निळ्या काचा, चकचकीत स्टीलचे कठडे. मध्येच एखादं कौलारू घर, दोन उंच भावंडांमध्ये फोटोला उभं केल्यासारखं.

आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते ८६ या काळात ही वसाहत केली. नव्या मुंबईची कल्पनाच मुळी त्यांची, आर्किटेक्ट प्रविणा मेहता आणि इंजिनियर शिरीष पटेल यांची, १९६४ सालची. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि सुरुवातीची काही वर्षं कोरिया तिथे मुख्य आर्किटेक्ट होते. पण शहर आखणं वेगळं आणि घर आखणं वेगळं. साधारण साडेपाचशे कुटुंबांसाठी त्यांनी इथे जे केलं ते असं: सात घरांच्या मधोमध एक चौक, सुमारे आठ मीटर बाय आठ मीटरचा. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्यामध्ये बारा मीटरचा मोठा चौक. असे तीन मोठे गट जुळले की वीस मीटरचा. वसाहतीच्या मधून ओढा. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे पैसेवाल्यात आणि साध्या माणसात फरक असेल, पण डोळ्यांत खुपेल इतका नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. मुळात घरं बांधायला साधी, गावातल्या गवंड्याला जमतील अशी. पुढे ज्याला जसं जमेल तसं त्याने वाढवावं, हे नकाशातच धरलेलं.

याच कोरियांनी त्याच सुमाराला, १९८३ मध्ये, मुंबईत कंबाला हिलवर कांचनजंगा ही इमारत पूर्ण केली. अठ्ठावीस मजल्यांत फक्त ३२ फ्लॅट, प्रत्येकाला दोन मजली उंचीची बाग. तिच्या भिंतीला कुणी खिळा ठोकला तरी ते वारसाप्रेमींच्या कानावर जात असेल. इथे लोकांनी अख्खी घरं बदलली.

"चौक मोजू," मनू म्हणाली. तिचा टेप पाच मीटरचा. एका टोकाला मी, मध्ये खडूची खूण, मग पुन्हा मी. कोपऱ्यात नुकतंच कुणीतरी तुळशीवृंदावनाभोवती पाणी मारलेलं, त्यामुळे माझं टोक चिखलात. एका बाजूने बरोबर आठ भरले. दुसऱ्या बाजूने साडेसातच, कारण एका घराने आपला ओटा अर्धा मीटर पुढे आणला होता. चौकात दोन स्कूटर, एक झाकलेली गाडी, तुळस, आणि माघी गणपतीच्या पताका.

मैत्रीण काकूंचं घर मूळ कौलांचं. मागे एक खोली आणि तिच्यावर एक खोली, एवढीच वाढ. मनू जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यापाशी वाकून बसली. जुना गिलावा जाड, बोटाने दाबला तर भुगा येणारा. नवा करकरीत सिमेंटचा, त्यात गवंड्याच्या थापीचे अर्धगोल फराटे तसेच राहिलेले. स्लॅब जिथे कौलांना टेकते तिथे कौल कापायचा कंटाळा केलेला, त्याचं टोक काँक्रीटमध्ये तसंच रुतलेलं. तिने त्या एका टोकाचे एवढे फोटो काढले की काकूंना वाटलं तिथून गळतंय.

"गळतं तर सगळीकडूनच," काकू म्हणाल्या. "पण भिंत सामाईक नाही ना, त्यामुळे खोली वाढवताना कुणाला विचारावं लागलं नाही."

"म्हणजे भांडणं नाहीत?" मनूने विचारलं.

"भिंतीवरून नाहीत गं बाळा, उन्हावरून आहेत. समोरच्यांनी तिसरा मजला चढवला आणि चौकातलं दुपारचं ऊन गेलं. पापड वाळायचेत कुठे? एक वर्ष बोलणं बंद होतं आमचं."

"मग आता?"

"आता त्यांच्याच गच्चीवर घालते. ऊन नेलं तर गच्ची द्या म्हटलं."

ओट्यावर मी, काकूंचे यजमान आणि शेजारचे दोघे बसलो होतो. मटार करंज्या गरम होत्या, तिळाची वडी थोडी कडक. मनूने काकांना टोकियोच्या नाकागिन कॅप्सूल टॉवरबद्दल सांगितलं. १९७२ सालची इमारत, आर्किटेक्ट किशो कुरोकावा. दोन मनोऱ्यांना १४० खोल्या डब्यांसारख्या बोल्टने अडकवलेल्या, दर पंचवीस वर्षांनी जुना डबा काढून नवा बसवायचा अशी योजना. एकही डबा कधी बदलला गेला नाही. एक काढायचा तर वरचे सगळे काढावे लागणार, आणि प्रत्येक डब्याचा मालक वेगळा. शेवटी २०२२ मध्ये इमारत उतरवली.

काका शांतपणे म्हणाले, "सोसायटीची मीटिंग झाली असेल. कोरम भरला नसेल."

आम्ही हसलो, पण मनू हसता हसता लिहायला लागली. जपानमधली इमारत बदलण्यासाठीच जन्मली आणि न बदलता गेली, कारण बदलायला सगळ्यांची संमती हवी होती. इथे कोरियांनी ती संमतीची गरजच काढून टाकली. चिलीच्या आलेहांद्रो अरावेना यांनी २००४ मध्ये इकीके शहरात असंच काही केलं. सरकारी मदत एका कुटुंबामागे साडेसात हजार डॉलर, त्यात जमीनसुद्धा. तेवढ्यात पूर्ण वाईट घर बांधण्यापेक्षा त्यांनी अर्धं चांगलं घर बांधलं आणि उरलेल्या अर्ध्याची जागा रिकामी सोडली. अरावेनांना २०१६ चा प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार मिळाला, जगभर त्या अर्ध्या घरांचे फोटो छापून आले. बेलापूरची घरं त्याच्या वीस वर्षं आधीची.

मग मनूने आणखी एक सांगितली. व्हिएन्नात हुंडर्टवासर या चित्रकाराच्या नावाने एक इमारत आहे, १९८५ सालची. रंगीबेरंगी, जमीन मुद्दाम उंचसखल, गच्चीवर आणि खिडक्यांत झाडं. त्याचं म्हणणं असं होतं की भाडेकरूला खिडकीतून वाकून हात पोहोचेल तेवढी बाहेरची भिंत आपल्या मनासारखी रंगवायचा हक्क असावा. काकूंना हे आवडलं नाही. "हात पोहोचेल तेवढीच? आणि बाकीची?"

दुपारी चारला चौकात खुर्च्या आल्या. मामी म्हणाली, स्कूटर हलवा, आणि स्कूटर हलल्या. हळदीकुंकवाला वीसेक जणी सहज मावल्या. आठ मीटरचा चौक असला की कोपऱ्यातल्या बाईचं बोलणं दुसऱ्या कोपऱ्यात न ओरडता पोहोचतं, हे मनूच्या लक्षात आलं. तिने टेप ठेवून दिला आणि चक्क वाण वाटायला लागली. वाण स्टीलच्या चाळणीचं होतं. आमच्या घरी आता दोन झाल्या.

इथे जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. चौक हे लोकांचं अंगण आहे, सार्वजनिक बाग नाही, तेव्हा शिरण्याआधी विचारा. उघड्या दारातून आतला फोटो काढू नका. आणि आत चहाची टपरी सापडेल या भरवशावर राहू नका, पाणी सोबत ठेवा.

शनिवार: पालिकेचा घुमट, मेट्रो आणि पोपटी

सकाळी पाम बीचच्या टोकाला महापालिकेचं मुख्यालय. २०१४ पासून कारभार इथून चालतो. वर मोठा घुमट, समोर खांबांची रांग, पाहणाऱ्याला वॉशिंग्टनची संसद आठवलीच पाहिजे अशी रचना. सव्वीस जानेवारीसाठी तिरंगी दिव्यांच्या माळा सोडायचं काम चाललं होतं. साठच्या वेगाने गाडीतून जाताना ही इमारत खरोखर झकास दिसते. पायी जवळ गेलं की तिचा तेवढा उपयोग होत नाही, रस्ता ओलांडण्यातच जीव अर्धा होतो. संध्याकाळी दिवे लागल्यावर जा, दुपारी जाऊ नका.

बेलापूरहून मेट्रो घेतली. ११ किलोमीटर, अकरा स्टेशनं, नोव्हेंबर २०२३ पासून पेंधरपर्यंत. उत्सव चौकाची गोलाकार खांबांची रांग वरून छान दिसते. मनूने विचारलं, "हे खांब काय उचलतात?" मी म्हटलं, खारघरची मान.

तिथून उलव्याच्या बाजूने विमानतळ बाहेरून पाहायचा होता. ॲपवरून बोलावलेल्या गाडीने आम्हाला हमरस्त्याच्या भलत्याच बाजूला सोडलं आणि पैसे घेऊन ती गेली. धुळीतून चालताना मामीने माझ्या नियोजनाबद्दल जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. टर्मिनलमध्ये तिकीट असल्याशिवाय शिरता येत नाही, तेव्हा तेवढ्यासाठी धडपड करू नका. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. आराखडा झाहा हदीद यांच्या संस्थेचा, कमळावरून घेतलेला. हदीद स्वतः २०१६ मध्येच गेल्या. लांबून कमळ दिसतं असं मी म्हणणार नाही. मला दिसलं ते जमिनीचं सपाट होणं. इथे उलव्याची टेकडी होती, ती कापली. नदी होती, ती वळवली. गावं होती, ती उठवली.

त्याच गावांपैकी एकातला माझा कंपनीतला जुना सोबती आता पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतो. त्याने पोपटीला बोलावलं होतं, आणि खरं सांगायचं तर शनिवारची आखणी मी त्याच्याभोवतीच केली होती.

पोपटी थंडीतच खावी. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला कोंबून बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या-पेंढ्याचा जाळ. अर्ध्या तासाने सोबत्याने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. चर्र झालं आणि क्षणात सुकले. "झाली," तो म्हणाला. पाला काढल्यावर जो वास येतो तो ओव्याचा, धुराचा आणि भांबुर्डीच्या कडवटपणाचा. मामीने शनिवार म्हणून नुसत्या शेंगा आणि बटाटे घेतले, आणि शेंगाच जास्त चांगल्या होत्या.

सोबत्याचं जुनं घर मी पाहिलेलं. ओटी, पडवी, माजघर, मागे विहीर. नव्या घराला चार मजले, दर्शनी बाजूला नक्षीच्या टोप्या घातलेले चार खांब आणि फाटकावर दोन सिंह. मनूने त्याला पंजाबातल्या गावांची गोष्ट सांगितली. जालंधरच्या आसपास परदेशात गेलेल्यांनी गावाकडच्या घरांवर विमानाच्या, फुटबॉलच्या आकाराच्या पाण्याच्या टाक्या बांधल्यात. "तुम्ही विमान का नाही बांधलं काका?"

तो शेंग सोलत म्हणाला, "आमच्या जमिनीवरच उतरतंय की. आणखी घरावर कशाला?"

रविवार: ठाणे

रथसप्तमी असल्यामुळे मामीची रथाची रांगोळी होऊन दूध उतू जाईपर्यंत कोणी हललं नाही. मग नेरूळहून ट्रान्स हार्बरच्या लोकलने ठाणे. मामलेदार मिसळीला रविवारी रांग असतेच. मनूने सांगलीच्या जोरावर तिखट मागवली आणि दुसऱ्या घासाला ताक मागितलं. नवख्याने मध्यमच घ्यावी.

घोडबंदर रोडला पातलीपाड्याची हिरानंदानी इस्टेट हे त्या दिवसाचं मुख्य ठिकाण. मागे येऊरचं जंगल आणि पुढे तीस-तीस मजल्यांना ग्रीक-रोमन पद्धतीचे खांब, कमानी, त्रिकोणी माथे. हाफिज कॉन्ट्रॅक्टर यांची शैली. नाक मुरडणारे आर्किटेक्ट पुष्कळ, राहायला मिळावं म्हणून धडपडणारे त्याहून पुष्कळ. माझं मत विचाराल तर फुटपाथ रुंद आहेत, झाडं मोठी झालीत, आजी-आजोबा बिनधास्त फिरतात. खांबांना मी माफ केलं.

पुढे वाटेतल्या दुकानांच्या एका रांगेला असेच जाडजूड खांब होते. मनूने मधल्या बोटाचं पेर वाकवून एका खांबावर टकटक केली. ठक नाही, डब्ब आवाज आला. आत पोकळ. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, वजन मागच्या कॉलमवर आहे. हा शोचा."

तिथल्याच एका चहावाल्याकडे बसून तिने समजावलं. अमेरिकेत लाँग आयलंडवर १९३१ मध्ये एका बदकपालकाने बदकाच्या आकाराचं दुकान बांधलं, आत बदकं आणि अंडी विकायला. त्यावरून रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राऊन या आर्किटेक्ट जोडप्याने इमारतींचे दोन प्रकार सांगितले. एक बदक, म्हणजे इमारतच वस्तूच्या आकाराची. दुसरी सजवलेली शेड, म्हणजे आत साधा खोका आणि बाहेर लावलेला साज. हैदराबादचा मासा बदकात बसतो, ठाण्याचे खांब शेडमध्ये.

"आणि ती टोपली?" मामीने विचारलं.

ओहायोची टोपली १९९७ ची. कंपनीच्या खऱ्या टोपलीच्या १६० पट मोठी, वरच्या दोन कड्यांवर बर्फ साचू नये म्हणून त्या गरम ठेवायची सोय. कंपनीला उतरती कळा लागली, २०१६ मध्ये लोक तिथून हलले आणि टोपली रिकामी राहिली. टोपल्या विकणाऱ्याशिवाय टोपलीत कोण कचेरी थाटणार? रॉटरडॅमच्या घरांचंही तसंच. पीट ब्लोम यांनी १९८४ मध्ये पूर्ण केलेली ती घरं ५४.७ अंशांत कललेली आहेत, त्यामुळे जागेचा चौथा हिस्सा उतरत्या भिंतींखाली वाया जातो. लोक आजही तिथे राहतात, पण कपाट भिंतीला लावू शकत नाहीत. एक घर पाहुण्यांना बघायला खुलं आहे.

माझं एव्हाना ठरलं होतं. आकार विचित्र असला की फोटो चांगला येतो, पण मग ती इमारत आयुष्यभर त्याच पोझमध्ये उभी राहते. बेलापुरात कोरियांनी घराचा आकार लोकांच्या हवाली केला. तो त्यांनी पार मोडला, कधी कधी बघवत नाही इतका, आणि घरं मात्र भरलेली राहिली. यापेक्षा विचित्र काही आम्ही पाहिलं नाही.

मनूला ते पटलं, पण अर्धंच. तिचं म्हणणं, "मामा, चौक राहिला म्हणून तुला हे बोलता येतंय. ओटा आज अर्धा मीटर आलाय. सगळ्यांनी आणला तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मामीकडे होतं: "मग हळदीकुंकवाला खुर्च्या कुठे घालणार? बायका आणू देणार नाहीत."

परतताना मध्यवर्ती कारागृहाची भिंत लांबून पाहिली. तो मुळात किल्ला, पोर्तुगीजांनी सुरू केलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला, पुढे इंग्रजांनी तुरुंग केला. फोटो काढायचा विचारही करू नका. तलावपाळीला भेळ खाऊन स्टेशन गाठलं. ट्रान्स हार्बरच्या गाड्या नऊ-दहा नंबरवरून सुटतात, रविवारी मेगाब्लॉक आहे का ते सकाळीच बघून निघा.

सरांनी आर्टिस्ट व्हिलेजला होकार दिलाय, पण अट घातली: सातही घरांचा मूळ नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी शेजारी हवा, ओट्यांसकट. म्हणजे मनू परीक्षा झाली की पुन्हा येणार. तिला सांगितलंय, येताना पंधरा मीटरचा टेप आण, मी काही पुन्हा टोक धरून चिखलात उभा राहणार नाही.